मिरगाच्या आधीची फेरी

पहाटे साडेपाच

मे महिना संपत आला की कोकणातल्या आमच्या भाट्यात घरोघरी आगोटीची धांदल उडते. तांदूळ, डाळी, मीठ, सुकी मासळी भरून होते, लाकडं पडवीत रचली जातात, घर शाकारून होतं. आमच्या यादीत याच दिवसांत आणखी एक काम असतं. पिंजऱ्यातल्या चौघांना पशुवैद्यांकडे नेऊन आणायचं. केवडा आणि केतकी ही कॉकाटिलची जोडी, मिरी आणि वेलची या दोन बजरीगर माद्या. "काय झालं गो त्यांना?" असं शेजारच्या काकू विचारतात. काही झालेलं नसतं. काही झालेलं नसतानाच न्यायचं असतं, आणि ही गोष्ट पक्षी पाळणाऱ्या प्रत्येकाच्या मनावर ठसावी असं मला फार वाटतं.

हे पक्षी रानात थव्याने राहतात. थव्यातला जो सुस्तावतो, मागे पडतो, तोच ससाण्याच्या नजरेत आधी भरतो. म्हणून दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच आहे. आतून पोखरलेला पक्षीही खातो, बोलतो, दांडीवर ताठ बसतो. पिसं फुगवून, डोळे मिटून तो पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला आपल्याला दिसतो तेव्हा दुखणं बरेच दिवस मुरलेलं असतं, आणि एवढ्याशा जिवाकडे झुंजायला फारसं काही उरलेलं नसतं. कुत्रा लंगडतो, गाय चारा सोडते, तसं पक्षी सांगत नाही. त्याचं दुखणं आपल्यालाच शोधून काढावं लागतं.

त्याची सुरुवात वजनापासून होते. रात्रीची शिट टाकून झालेली असावी आणि सकाळचा पहिला दाणा पोटात गेलेला नसावा, त्या वेळचं वजन खरं. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा मी टेबलावर ठेवते, त्यावर लाकडाची एक दांडी बसवली आहे. कॉकाटिल आपणहून चढतात. बजरीगर धीट नाहीत, त्यांना झाकणाच्या डब्यात घालून मोजावं लागतं, डब्याचं वजन वजा करून. केवडा ९४, केतकी ९७, वेलची ३६, मिरी ३३. मिरी गेल्या महिन्यात ३५ होती. दोन ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. पण पस्तिसातले दोन गेले म्हणजे शेकड्याला जवळजवळ सहा गेले. दहाच्या घरात घट गेली की वाट बघायची नसते. वहीत मिरीच्या आकड्याखाली रेघ ओढली. गेल्या आठवड्यात तिच्या चोचीच्या कोपऱ्यावर पिठासारखा पांढरा थर दिसला होता, तीही नोंद त्याच पानावर आहे.

साडेसहा

काल रात्री ट्रेमध्ये वर्तमानपत्राऐवजी कोरा पांढरा कागद घातला होता. आता तो उजेडात धरून बघायचा. नवख्या माणसाला हे किळसवाणं वाटेल, पण पक्ष्याच्या प्रकृतीचा याहून प्रामाणिक कागद दुसरा नाही. शिटेत तीन गोष्टी असतात. हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग ही विष्ठा, पांढरा खडूसारखा भाग म्हणजे मूत्रातली युरिक आम्लाची साय, आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी. पांढऱ्या भागाला पिवळा किंवा हिरवा रंग चढला तर यकृताकडे बोट जातं. अख्खे दाणे न पचता बाहेर आले तर जठराचं दुखणं. नुसतंच पाणी वाढलं तर आधी आठवायचं, काल काकडी किंवा कलिंगड दिलं होतं का. बीट दिलं असेल तर लाल रंग बघून घाबरायचं कारण नाही.

आजचा कागद चौघांचाही ठीक दिसतो. चारही पिंजऱ्यांतली ताजी शिट स्वच्छ छोट्या डब्यांत घेतली, झाकणांवर नावं लिहिली. तपासणीच्या आदल्या रात्री मी चौघांना वेगळं ठेवते ते याचसाठी. एकत्र पिंजऱ्यात कोणाचं कुठलं हे ओळखायचं कसं?

सव्वासात

प्रवासाचे पिंजरे लहान असतात. मोठ्या पिंजऱ्यात पक्षी हादऱ्यासरशी इकडून तिकडे आपटतो. दांडी अगदी खाली लावायची, झोपाळा आणि घंटा काढून टाकायची, तळाला खरखरीत टॉवेल. पाण्याची वाटी सांडते आणि पक्षी भिजतो, म्हणून तिच्या जागी काकडीची फोड अडकवते. वरून जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, एक बाजू उघडी राहील असा. सोबत दाण्यांची पिशवी, कारण "काय खायला घालता?" या प्रश्नाला तोंडी उत्तर पुरत नाही. डॉक्टर दाणे हातात घेतात, वास घेतात.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून बजावतात, "ऊन चढायच्या आत परत ये हां." त्यांचं बरोबर आहे. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडून तो धापा टाकतो, पंख अंगापासून दूर धरतो, आणि मे महिन्यातल्या कोकणच्या दमट हवेत तेवढ्याने भागत नाही. बंद गाडीत, उन्हात थांबलेल्या रिक्षात पक्षी थोड्या वेळातच जातो.

आठ

भाट्याच्या पुलावर काजळीच्या खाडीवरून वारा सुसाट येतो. रिक्षावाल्या दादांनी न सांगता डाव्या बाजूचा पडदा सोडला. आरशातून मागे बघत म्हणाले, "ताई, पोपट काय?"

मी नाही म्हणाले, आणि मग राजिवड्यापासून जयस्तंभापर्यंत आम्ही तेच बोललो. त्यांच्या आजोळी पडवीत पोपटाचा पिंजरा टांगलेला असायचा, तशी कोकणात कितीतरी घरं होती. तो हिरवा पोपट आपल्या रानातला आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. आपल्याकडच्या रानपक्ष्यांचा व्यापार आणि त्यांना पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या याद्यांतही पोपट संरक्षितच आहेत. ढोलीतून पिल्लं काढताना किती मरतात ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही. कायदा नसता तरी माझं मत हेच असतं. जो पक्षी समोरच्या माडाच्या ढोलीत घर करतो, त्याला त्याच माडासमोर कोंडून ठेवणं मला बघवत नाही. बजरीगर आणि कॉकाटिल पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. त्यांना सोडून देणं म्हणजे कावळ्यांच्या हवाली करणं. म्हणून त्यांची जबाबदारी पूर्णपणे आपली.

नऊ

दवाखाना मारुती मंदिराच्या परिसरात आहे. बाकावर एक लॅब्रेडोर, टोपलीत मांजर, आणि पावसकडून आलेले एक वयस्कर काका, ज्यांची म्हैस घरीच आहे. "कालधरनं चारा खात नाय," असं ते दाराशी उभ्या मदतनिसाला पुन्हा पुन्हा सांगत होते. पावसाळ्यापूर्वीचे हे दिवस पशुवैद्यांना श्वास घेऊ देत नाहीत. घटसर्प, फऱ्या यांच्या लसी मिरगाच्या आत द्यायच्या असतात. डॉक्टरांनी आधी काकांशी बोलून औषध लिहून दिलं आणि दुपारी घरी येतो म्हणाले. मला ते योग्य वाटलं. म्हशीवर त्यांचं घर चालतं.

मी पिंजरे उंच फळीवर, मांजराकडे पाठ करून ठेवले. पक्ष्यांना मांजर दिसलं तरी पुरे, त्यांची छाती धडधडायला लागते आणि मग तपासणीत काही खरं कळत नाही.

माझ्या शेजारी एक कॉलेजमधला मुलगा सन कन्युअर घेऊन बसला होता. भडक पिवळा, केशरी, फार देखणा पक्षी. त्याला नोंदणीचं विचारलं तर त्याने ऐकलंच नव्हतं. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या परिशिष्टांत ज्या विदेशी जाती आहेत, त्यांची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. पक्षी आहे, विकला, पिल्लं झाली, मेला, सगळं कळवायचं. सन कन्युअर त्यात येतो, आफ्रिकन ग्रे तर सर्वांत कडक परिशिष्टात आहे. बजरीगर आणि कॉकाटिल त्या याद्यांत नाहीत. मुलाने फोनवर टिपून घेतलं. दुकानदारानेच हे सांगायला हवं होतं.

पावणेदहा

डॉक्टर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १८८६ पासूनची ती संस्था. साडेपाच वर्षांच्या पदवीत पक्षी म्हणजे मुख्यतः कोंबडी, असं ते स्वतःच सांगतात. घरातल्या पक्ष्यांचं पुढचं शिक्षण त्यांनी आपल्या आवडीने घेतलं. जिल्ह्याच्या गावी असा माणूस असणं हे भाग्य आहे. नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, किंवा पुण्या-मुंबईला जायचं, आणि आजारी पक्ष्याला तो प्रवासच भारी पडतो.

पहिली काही मिनिटं ते पक्ष्याला हातच लावत नाहीत. लुगडं बाजूला करून लांब खुर्चीवर बसतात, माझ्याशी बोलत राहतात, नजर मात्र पिंजऱ्यावर. दोन्ही पायांवर सारखा भार आहे का, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होते का, डोळे गोल उघडे आहेत का, नाकपुड्यांवरची पिसं ओली तर नाहीत. हात लागला की पक्षी घाबरून सगळं झाकतो, म्हणून जे बघायचं ते आधी. वही मागितली. वजनांचं पान उघडून मिरीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, आधी हिलाच घेऊ."

मदतनिसाने पडदे ओढले. अंधुक उजेडात पक्षी शांत होतो. डॉक्टरांनी हातरुमाल मिरीवर टाकून तिला उचललं. मान अंगठा आणि बोटाच्या मध्ये, पाठ तळहातावर, आणि छातीवर काहीही नाही. हे मुलांना शिकवायलाच हवं. आपल्यासारखं श्वासपटल पक्ष्याला नसतं. छातीचं हाड पुढेमागे होतं तेव्हाच हवा आत-बाहेर जाते. प्रेमाने मुठीत घट्ट धरलेला पक्षी नाक-तोंड मोकळं असूनही गुदमरून मरतो.

मग बोटांनी छातीच्या मधल्या हाडाची धार चाचपली. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असावं. धार सुरीसारखी हाताला लागली तर पक्षी उपाशी आहे, मग वाटी कितीही भरलेली असो. मिरीची धार किंचित टोकदार. चोच उघडून टाळू बघितली. केवळ दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि तिथे पांढरे ठिपके येतात. नव्हते. पंख एकेक उघडले, शेपटीच्या मुळाशी असलेली तेलाची ग्रंथी बघितली, लहान मुलांचा स्टेथोस्कोप पाठीवर टेकवला. एवढ्याशा पक्ष्याचं हृदय मिनिटाला शेकडो वेळा धडधडतं, वेगळे ठोके कानाला मोजता येत नाहीत. लय मात्र ऐकू येते.

चोचीच्या कोपऱ्यावर भिंग धरून ते थांबले. पांढरा थर त्यांनी बोथट पात्याने हलकेच खरवडला, काचेवर तेलाच्या थेंबात घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "या, बघा." गोल अंगाचा, आखूड पायांचा किडा, हळूच हलणारा. बजरीगरांत हा नेहमीचा. चोचीच्या आणि पायांच्या कातडीत बिळं करतो. पुढे गेला की चोच वेडीवाकडी वाढते, पक्ष्याला दाणा सोलता येत नाही. आता अगदी सुरुवात आहे.

औषध आयव्हरमेक्टिन. मानेमागची पिसं फुंकर मारून बाजूला केली आणि पातळ केलेल्या औषधाचा एक थेंब कातडीवर. चौदा दिवसांनी दुसरा. वेलची तिच्याच पिंजऱ्यातली, म्हणून तिलाही. आयव्हरमेक्टिनची बाटली कोकणात गोठ्या-गोठ्यात असते, आणि "औषध तेच ना" म्हणून लोक पक्ष्याला देतात. जनावरांच्या त्या इंजेक्शनात एका मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम औषध. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याला लागतं साधारण सात सहस्रांश मिलिग्रॅम. बाटलीतला एक थेंब म्हणजे पन्नास पटींहून जास्त मात्रा. पक्षी रात्र काढत नाही. हिशेब करून पातळ करणं हे डॉक्टरचंच काम आहे, मेडिकलवाल्याचं नाही आणि आपलंही नाही.

केवडा, केतकी आणि वेलची लवकर झाले. केवड्याची नखं कापली, नखातली रक्तवाहिनी उजेडात बघून तिच्या अलीकडे. केतकीचं पोट चाचपून अंड्याचं विचारलं. यंदा अजून नाही. मादीला कॅल्शियम कमी पडलं की अंडं आत अडकतं आणि मग एका दिवसात सगळं संपतं. रक्त कोणाचंच घेतलं नाही. निरोगी पक्ष्याच्या अंगातून वजनाच्या शेकडा एक, याहून जास्त रक्त एका वेळी काढू नये. म्हणजे मिरीचे जेमतेम सहा-सात थेंब प्रयोगशाळेला पुरवायचे. कारण असल्याशिवाय डॉक्टर ते करत नाहीत, आणि मला त्यांचा हा संयम आवडतो.

साडेदहा

शिटेचे डबे तपासायला देऊन आम्ही पावसाळ्याचं बोललो. या फेरीत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. बजरीगर आणि कॉकाटिल दोन्ही ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, उघड्या माळरानांचे पक्षी. १८४० मध्ये जॉन गुल्ड यांनी जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले, तिथून ते जगभर पसरले आणि पिढ्यांमागून आमच्या भाट्यात येऊन पोचले. इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने दाण्याला बुरशी, भिंतीला बुरशी, ऊन नाही. हवा त्यांच्या फुफ्फुसांतून पुढे अंगभर पसरलेल्या हवेच्या पिशव्यांत जाते, आणि बुरशीचे कण तिथे जाऊन बसले की काढणं कठीण.

म्हणून डॉक्टरांनी दाण्यांची पिशवी ओतून बघितली. राळा, वरी, थोडी बाजरी, सूर्यफुलाच्या बिया थोड्याच. चार महिन्यांचं एकदम भरू नका, पंधरा दिवसांचं आणा, उन्हात वाळवून हवाबंद डब्यात ठेवा. शेंगदाणा पावसाळ्यात बंद. शेवग्याचा पाला आणि माठ धुवून, कोरडा करून, रोज. समुद्रफेन मी आमच्याच किनाऱ्यावरून वेचून आणते. माकूळ मेला की त्याच्या आतलं हे पांढरं हाड वाहत येतं. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, खारटपणा जाऊन, कडकडीत वाळवलेलं. डॉक्टरांनी नखाने खरवडून बघितलं आणि म्हणाले, "याहून चांगलं विकत मिळणार नाही."

धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल पिंजऱ्याच्या खोलीत नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो. उघडीप पडली की अर्धा तास पिंजरा अंगणात, पण कोणीतरी जवळ बसून, कारण पावसाळ्यात धामण अंगणापर्यंत येते. शेजारच्या कोंबड्या परसात फिरतात. मानमोडी त्यांच्याकडून येऊ शकते, म्हणून कोंबड्यांकडून आल्यावर हात धुवून मगच पिंजरा.

कावळ्यांचंही त्यांनी विचारलं. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात दापोलीला मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला होता, भोपाळच्या संस्थेने तो नक्की केला. अंगणात एकाहून जास्त कावळे मेलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवायचं आणि पिंजरे आत घ्यायचे.

"घरात कोणाला कोरडा खोकला? ताप?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला सिटॅकोसिस होतो, फुफ्फुसं धरतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून विकायला गेलेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत त्याची साथ आली होती. वेळेवर ओळखला तर औषधाने बरा होतो. आपल्या डॉक्टरांना "घरात पक्षी आहेत" एवढं सांगायला मात्र विसरायचं नाही.

साडेअकरा

ऊन चढलं होतं. वाटेत रामआळीत राळा घ्यायचा विचार सोडून दिला आणि सरळ पूल ओलांडला. घरी आल्यावर पाणी, दाणे, अंधारी खोली. हाताळलेला पक्षी तास-दोन तास गप्प असतो, ते साहजिक. चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागला तर लगेच फोन करायचा होता. दीड वाजता केवड्याने शीळ घातली आणि आई हसल्या.

संध्याकाळी पाच

मिरी-वेलचीचा मोठा पिंजरा अंगणात नेऊन गरम पाण्याने घासला. जुन्या लाकडी दांड्या चुलीत घातल्या. किडे त्यांच्या भेगांत राहतात. नव्या दांड्या पेरूच्या फांद्यांच्या, साल न काढता, एक जाड, एक बारीक. सारख्या जाडीच्या गुळगुळीत प्लास्टिकवर रात्रंदिवस उभं राहून पायांना फोड येतात. कुंपणाची कण्हेर कितीही हाताशी असली तरी ती विषारी, तिची काडीसुद्धा नको. कॉकाटिलचा पिंजरा पुढचे चौदा दिवस वेगळ्या खोलीत.

रात्री आठ

डॉक्टरांचा फोन आला. चौघांच्याही शिटेत जंतांची अंडी नाहीत. मिरीचं वजन रोज घ्या म्हणाले, ३२ च्या खाली गेलं तर चौदा दिवसांची वाट न बघता आणा. दुसऱ्या थेंबाची तारीख जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येते, तोवर मिरग लागलेला असेल. मोठा पाऊस असेल तर दोन दिवस पुढे ढकललं तरी चालेल, पण त्याहून जास्त नको. वहीत लिहिलं, दादांना तारीख सांगून ठेवली, आणि लुगड्यावर घालायला प्लास्टिकचा एक तुकडा कापून प्रवासाच्या पिंजऱ्यात ठेवून दिला.